धुळ्यातला समुद्राचा मासा

माझी मुलगी लंगडायला लागली तेव्हा मराठी तिसरीत होती. खेळताना पडली असेल, असं समजून मी आंबेहळदीचे लेप लावत राहिले. पण पाय सुधारेना. झोपेत कूस बदलताना ती किंचाळायची. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला नेऊन दाखवा.

हे हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघं धुळ्याहून चाळीसगावला आणि तिथून मुंबईच्या गाडीनं गेलो. यांचे मावसभाऊ दादरला राहायचे, त्यांच्याकडे उतरलो. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून पाय हळूच हलवून पाहिला. मग यांना बाजूला घेऊन खुब्याच्या हाडाचा क्षय आहे म्हणून सांगितलं. त्यावर औषध नव्हतं. पायाला वजन बांधून पडून राहायचं, दूध प्यायचं, अंगावर ऊन घ्यायचं, आणि हाड आपोआप भरून येतं का ते पाहायचं. एखादं वर्ष लागेल, कदाचित दोन.

परत निघायच्या आदल्या दिवशी भावोजींनी तिला उचलून वरळीच्या खडकांवर नेलं. एकदा पडून राहिली की पुन्हा केव्हा बाहेर पडणार, असं त्यांना वाटलं असावं. ओहोटी होती. खडकांत जागोजागी पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात बोटाच्या पेरांएवढे मासे फिरत होते. पिवळट अंग, त्यावर काळे उभे पट्टे. भावोजींच्या कडेवरूनच ती वाकून पाहत होती.

"नाना, यातला एक मला हवा," ती वडिलांना म्हणाली.

मी म्हणणार होते, वेडे, तो समुद्रातला मासा, आपल्याकडे कसा जगेल? पण हे लगेच "नेऊ" म्हणाले. डॉक्टरांचं ऐकल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता.

भावोजींनी पंचा पाण्यात पसरून एक मासा धरला. लोणच्याच्या मोठ्या बरणीत तो, आणि वेताच्या टोपलीत बसवलेल्या तेजाबाच्या दोन रिकाम्या बुधल्यांत समुद्राचं पाणी, असं सगळं घेऊन आम्ही गाडीत बसलो. हे वाटभर फुलपात्रानं बरणीतलं पाणी वर घ्यायचे आणि उंचावरून परत ओतायचे. पाण्यात हवा मिसळायला हवी, नाहीतर तो गुदमरेल, म्हणाले. समोरचा एक प्रवासी हसून म्हणाला, "मास्तर, ताक करताय का?" मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तीही हसली.

घरी आल्यावर यांनी तारऑफिसातून मोडीत काढलेलं बॅटरीचं काचेचं चौकोनी भांडं आणलं. कितीतरी वेळा धुतलं, उन्हात ठेवलं, परत धुतलं. तळाशी नदीची धुतलेली वाळू घातली, दोन दगड ठेवले. मुलीची खाट खिडकीशी होती. पायाला दोरी, दोरीला विटेचं वजन, ते खाटेच्या कडेवरून खाली लोंबतं. तिला मान न उचलता दिसेल अशा बेतानं भांडं तिपाईवर ठेवलं. पहिले दोन दिवस मासा दगडामागून बाहेरच आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, काचेजवळ थांबला, आणि मुलीनं मला हाक मारली ती अशी, की मला वाटलं पायाला काही झालं.

मासा जगवणं म्हणजे मुख्य काम पाण्याचं. धुळ्याची हवा कोरडी, पाणी उडून जायचं आणि मागे राहिलेलं आणखी खारट व्हायचं. पाण्याच्या पातळीवर काचेला कागदाची पट्टी चिकटवली होती. पाणी पट्टीखाली गेलं की उकळून गार केलेलं गोडं पाणी घालायचं. दुधात भेसळ आहे का ते पाहायची काचेची नळी यांच्याजवळ होती. ती हे भांड्यातल्या पाण्यात तरंगवायचे, आणि ती किती बुडाली यावरून पाणी नीट आहे का ते ठरवायचे. हवेसाठी सायकलची जुनी ट्यूब. ती पंपानं भरून ठेवायची, तिला रबराची बारीक नळी जोडलेली, आणि नळीच्या टोकाला सच्छिद्र लाकडाचा तुकडा. त्यातून पाण्यात बुडबुडे निघत राहायचे. ट्यूब बसली की मुलगी ओरडायची, "आई, दम संपला!" मी पोळ्या टाकून पंप मारायला धावायची. भावोजी मधूनमधून गाडीच्या गार्डाबरोबर समुद्राच्या पाण्याचा बुधला पाठवायचे.

पण खाण्याचं काय करायचं ते कळेना. भाताचं शीत टाकलं तर तो तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. कणकेच्या गोळीनं पाणी गढूळ झालं. यांनी पुस्तकात शोधलं आणि म्हणाले, "त्याला मांस लागेल. कोळंबीसारखं काहीतरी."

आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी पदर डोक्यावर ओढून पांझरा नदीच्या काठी गेले. तिथं भोयांच्या बायका टोपल्या घेऊन बसायच्या. एका म्हातारीच्या टोपलीत नदीचे बारीक झिंगे वळवळत होते. ते मागितल्यावर तिनं माझ्याकडे खालीवर पाहिलं.

"माय, तुम्ही तं खातस नई. मंग कोनासाठे?"

"मुलीनं मासा पाळलाय. त्याच्यासाठी."

"मासाले झिंगा खवाडतस?" ती इतकी हसली की बाजूच्या बायका पाहायला लागल्या. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पत्ता विचारत घरी आली. उंबऱ्याशी बसून तिनं बराच वेळ भांड्याकडे पाहिलं.

"हाऊ नदीना मासा नई शे," ती म्हणाली.

"समुद्राचा आहे," मुलगी खाटेवरून म्हणाली. "तिथं पाणी खारट असतं. मी पाहिलाय समुद्र."

"मी नई दखा, माय," म्हातारी म्हणाली. मग तिनं मुलीच्या पायाकडे, दोरीकडे, विटेकडे पाहिलं. त्यानंतर ती एक-दोन दिवसांआड ओल्या फडक्यात मूठभर झिंगे आणून द्यायची आणि मुलीशी दोन शब्द बोलूनच जायची.

आम्ही राहायचो ते घर एका मारवाडी जैन कुटुंबाचं. मागच्या दोन खोल्या आमच्याकडे, पुढे ते. घरच्या वडीलधाऱ्या शेठाणींना माझी मुलगी माजी म्हणायची. सूर्यास्तानंतर पाणीही न पिणाऱ्या, चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणाऱ्या बाई. त्यांनी मला झिंगे कापताना पाहिलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"बहू, एक जीव पाळायचा म्हणून रोज दुसरे जीव मारायचे? हे कसलं पुण्य?"

आतून मुलगी म्हणाली, "माजी, मग त्याला उपाशी ठेवू?"

शेठाणी आत गेल्या आणि तिच्या खाटेशी बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून पालकाची उकडलेली पानं आणली. आश्चर्य म्हणजे माशानं ती थोडी कुरतडलीही. शेठाणींना केवढा आनंद झाला. चार-सहा दिवस आम्ही पालकावरच भागवलं. पण मासा मलूल झाला. पोट आत गेलं, पाठीची धार दिसायला लागली. मुलगी त्याच्याकडे पाहून पाहून स्वतःचं जेवण टाकायला लागली.

मग शेठाणी एकदा मला मागच्या अंगणात म्हणाल्या, "माझ्या पायरीच्या आत कापू नकोस. बाहेर तू काय करतेस ते मी पाहिलं नाही." तेव्हापासून मी त्या अंगणातल्या कडुलिंबाखालच्या दगडावर यांच्या जुन्या वस्तऱ्यानं झिंग्यांचे जिऱ्याएवढे तुकडे करायची. सुरुवातीला प्रत्येक तुकड्यानंतर हात धुवायची. पुढं सवय झाली. तुकडे एकेक करून टाकायचे, एक खाल्ल्यावर दुसरा. जास्त टाकले तर तळाशी कुजतात आणि पाणी नासतं. हे सगळं मुलगी सांगायची आणि मी करायची. आठवड्यातून दोनदा पालकही द्यायचा, तो शेठाणींच्याच हातचा. मासा पुन्हा भरला. पट्टे काळेभोर झाले. मुलीनं काचेवर बोट टेकलं की बोटाच्या मागे फिरायचा.

मार्गशीर्षातल्या थंडीत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले. जणू कोणी बारीक मीठ भुरभुरवलंय. तो दगडाला अंग घासायला लागला. यांनी एक-दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "ही खाऱ्या पाण्यातली कीड आहे. गोड्या पाण्यात ती मरेल. मासा थोडा वेळ तग धरेल, कीड धरणार नाही."

"आणि मासाच मेला तर?" मी विचारलं.

"काही केलं नाही तरी मरेलच."

वाडग्यात गोडं पाणी घेतलं, भांड्यातल्या पाण्याइतकंच कोमट केलं. यांनी मासा जाळीच्या फडक्यात धरून वाडग्यात सोडला. तो आडवा पडला. मुलगी मोठ्यानं रामरक्षेतला एक श्लोक म्हणत होती. तो संपला की मासा उचलायचा, असं ठरलं होतं. तिनं श्लोक इतक्या भराभर म्हटला की हे म्हणाले, "सावकाश, बेटा, सावकाश." परत खाऱ्या पाण्यात सोडल्यावर तो वाळूवर पडून राहिला. मग त्याचे कल्ले जोरात हलले आणि तो डगमगत दगडामागे गेला. असं आणखी दोनदा केलं आणि ठिपके गेले.

त्या दिवशी तिनं वडिलांना विचारलं, "नाना, माझ्या पायातली कीड कसल्या पाण्यानं मरेल?"

यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ट्यूब भरलेली असतानाही पंप घेऊन बाहेर गेले.

पौषात तिच्या खुब्यावर गाठ आली. ती फुटली आणि वाहायला लागली. मग ताप यायला लागला, आधी संध्याकाळी, मग दिवसभर. डॉक्टर येऊन जखम धुवायचे आणि माझ्याशी बोलताना बॅगेकडे पाहायचे. ती इतकी हलकी झाली होती की पायाच्या वजनानं खाली ओढली जायची, म्हणून वीट काढली. ती मला वाईट खूण वाटली. मुलीला मात्र पाय मोकळा झाल्याचा आनंद झाला. आपण बऱ्या होतोय, असं तिला वाटलं.

शेवटचे काही दिवस ती फारसं बोलत नव्हती. कुशीला उशी लावून तिला भांड्याकडे वळवायचं, आणि ती पाहत राहायची. मधूनच विचारायची, "त्याला दिलंस?" मी हो म्हटलं की डोळे मिटायची.

ती दुपारी गेली. मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. शाळेतून यांना बोलवायला माणूस धावला. हे अंगणात आले, चपला काढायचंही भान नव्हतं, आणि दारातच त्यांनी विचारलं, "आज काही खाल्लं का तिनं?" मी म्हटलं, "दोन चमचे पेज." त्यांनी मान हलवली, जणू तेवढं कळायला हवं होतं, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

त्यानंतरचे दोन दिवस मला नीट आठवत नाहीत. माझे आई-वडील भडगावहून आले. घरात बायका होत्या, कोणी ना कोणी माझ्याजवळ बसलेलं असायचं. मुलीच्या खोलीत मी गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जरा आडवे झाले होते, तेव्हा मला एकदम मासा आठवला. इतके दिवस उपाशी, हवा नाही, तो गेलाच असणार. मी भिंतीला धरून धरून गेले.

दार लोटलेलं होतं. आत शेठाणी खाली बसल्या होत्या. समोर पानावर भोईणीच्या फडक्यातले झिंग्यांचे तुकडे. त्यांनी पदराचं टोक बोटांना गुंडाळलं होतं. मान दुसरीकडे वळवून त्या एकेक तुकडा उचलत होत्या, पाण्यात टाकत होत्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. सायकलची ट्यूब भरलेली होती. भांड्यात बुडबुडे निघत होते.

मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं. वर न पाहता त्या म्हणाल्या, "कापले त्या म्हातारीनं. ती रोज येते, बाहेर लिंबाखाली बसते. घरात सुतक, तुला कोण उठवणार? आणि पोरगी मला विचारायची ना, उपाशी ठेवू का म्हणून..." मी जवळ जाऊन बसले. ती गेल्यापासून मला रडू फुटलं नव्हतं, ते त्यांच्या खांद्यावर फुटलं. नंतर त्यांनी कितीतरी दिवस एकभुक्त राहून प्रायश्चित्त घेतलं, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

सुतक फिटलं, माणसं गेली, आणि घरात आम्ही दोघं उरलो. हे शाळेतून येऊन थेट त्या खोलीत जायचे. पाणी तपासायचे, काच पुसायचे, तळाची घाण नळीनं ओढून काढायचे. माझ्याशी बोलायचे ते माशाबद्दलच. "आज किती खाल्लं? दगडाला अंग घासतोय का?" मुलीचं नाव यांच्या तोंडी येत नव्हतं. मी काढलं तर उठून जायचे. एकदा मी तिची पाटी हातात घेऊन बसले होते. यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "ट्यूब बसलीय, कळत नाही का?"

"सगळं कळतं मला," मी म्हटलं. "तो मासा जगवायला तुम्ही जिवाचं रान करताय. मी जगतेय का, ते एकदा तरी पाहिलंत?"

यांनी स्वतःच पंप घेतला. त्या दिवशी जेवले नाहीत. मी पुन्हा तसं बोलले नाही, कारण बोलून माझ्याही हाती काही लागलं नव्हतं.

होळी झाली आणि खानदेशातला उन्हाळा सुरू झाला. चैत्रातच भिंती तापायला लागल्या. यांनी खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, भांड्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं. मी तासातासाला पोत्यावर पाणी शिंपडायची. पाणी पट्टीखाली इतकं भराभर जायचं की गोडं पाणी किती घालावं ते समजेना. भावोजींनी पाठवलेला बुधला चाळीसगावला गाडी बदलताना फुटला. हमालानं हातात नुसती ओली टोपली दिली. तिकडे पांझरा आटली. भोईण रिकाम्या हातानं येऊन उंबऱ्याशी बसली. "पानी आटी गये, माय. झिंगा बठ्ठा मरी ग्यात." डबक्यातल्या गाळातून उपसून आणलेले दोन-तीन तिनं फडक्यात बांधून आणायला सुरुवात केली. तिच्या पायांना चिखल वाळून भेगा पडलेल्या असायच्या. मी नको म्हटलं तरी आणायची.

हे म्हणाले, मुंबईला नेऊन सोडू या का? पण तोवर बाहेर अशी झळ होती की बरणीतल्या पाण्याचा रस्त्यातच काढा झाला असता. शाळेच्या परीक्षाही चालू होत्या. परीक्षा संपल्या की पाहू, असं ठरलं.

वैशाखातल्या एका सकाळी मासा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडत-मिटत होता. हे परीक्षेच्या कामाला गेले. मी पोतं भिजवलं, पंखा घेऊन बसले, ट्यूब दोनदा भरली. झिंग्याचा तुकडा टाकला. तो त्याच्यासमोरून खाली गेला, त्यानं पाहिलंही नाही. पालकाचं पान धरलं, तेही नाही. दुपारी तो एका कुशीवर झाला. पट्टे फिके पडले होते. मी त्याला हाताच्या ओंजळीत धरून सरळ ठेवत होते, हात काढला की पुन्हा आडवा व्हायचा. मग मला जाणवलं की आता ओंजळीत हालचाल नाही.

तसाच पाण्यात राहू दिला. हे आले. मी दारापाशीच उभी होते. माझ्या कोपरापर्यंत ओल्या बाह्यांकडे पाहून त्यांना कळलं.

"सकाळी खाल्लं होतं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं होतं," मी म्हटलं. "दोन तुकडे."

ते मी खोटं सांगितलं, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

हे आत गेले नाहीत. अंगणात लिंबाखालच्या दगडावर बसले, जिथं मी झिंगे कापायची तिथंच, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलीचं नाव घेतलं. एकदाच नाही, पुन्हापुन्हा, तिला हाक मारावी तसं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. शेठाणींनी त्यांच्या मागच्या दारातून पाहिलं आणि घरातल्या मुलांना आत घेऊन दार ओढून घेतलं.

ऊन उतरल्यावर आम्ही लिंबाच्या मुळाशी मासा पुरला. भोईण आली तेव्हा तिला सांगितलं. तिनं आणलेले झिंगे परत फडक्यात बांधले, आणि रस्त्याकडे न जाता नदीच्या बाजूला गेली. डबक्यात सोडायला गेली असेल.

पुढं यांची जळगावला बदली झाली. सामान बांधताना शेठाणींनी मला पोटाशी धरलं. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. जळगावच्या नव्या शेजारात बायका पहिल्याच भेटीत विचारायच्या, तुम्हाला मुलं किती? मी "नाही" म्हणून विषय बदलायला शिकले होते. एकदा संध्याकाळी शेजारचे वकील आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी तोच प्रश्न यांना विचारला. मी आत दिवा लावत होते, माझा हात थांबला.

"एक मुलगी," हे म्हणाले. "तिचं अक्षर फार सुंदर होतं."

वकील म्हणाले, "सांगा ना तिच्याबद्दल." आणि हे सांगायला लागले. मी दिवा लावला, ओट्यावर आणून ठेवला, आणि मीही तिथंच बसले.